सोबत हीसुद्धा प्रकृतीची गरज

रक्तदाब मोजताना मी रुग्णाला तीन प्रश्न हमखास विचारतो. जेवणात मीठ किती घेता, झोप किती तास लागते आणि संध्याकाळी कोणाबरोबर बसता. पहिल्या दोन प्रश्नांना लोक सरळ उत्तर देतात. तिसऱ्याला हसतात. "डॉक्टर, त्याचा प्रेशरशी काय संबंध?" आज त्या तिसऱ्या प्रश्नाबद्दलच लिहायचे आहे. त्यासाठी वाचकांना जरा लांब न्यावे लागेल, थेट अमेरिकेतल्या पिट्सबर्गला.

गेल्या वर्षी गणपतीच्या सुमारास आम्ही उभयता मुलीकडे अडीच महिने राहून आलो. अमेरिका म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे न्यूयॉर्कच्या इमारती येतात. पिट्सबर्ग तसे नाही. दोन नद्यांच्या संगमावर वसलेले, एके काळी पोलादासाठी नावाजलेले शहर. वस्ती तीन लाखांच्या आसपास, म्हणजे आपल्या सोलापूरच्या निम्म्याहूनही कमी. पूल मात्र ४४६ आहेत असे तिथला जो तो अभिमानाने सांगतो.

या पुलांपैकीच काहींची देखभाल पाहणारा एक इंजिनिअर मुलीच्या खालच्या मजल्यावर राहत होता. वय चौतिशीचे, कृष्णवर्णीय, मूळचा अटलांटाचा. आमच्या बॅगा जिन्यावरून त्यानेच वर आणून दिल्या. (लिफ्ट नव्हती. अमेरिकेतही लिफ्ट नसलेल्या इमारती असतात हे मला तेव्हा कळले.) मी डॉक्टर आहे हे समजल्यावर दोन दिवसांनी तो संकोचत वर आला. "तुमच्याकडे प्रेशरचे यंत्र आहे असे ऐकले. जरा बघाल का?"

यंत्र होतेच. आमच्या सौभाग्यवतींसाठी मी ते सगळीकडे बरोबर नेतो. त्याला पाच मिनिटे स्वस्थ बसवले, मग मोजले. १५२ आणि ९६. एकदा मोजून निदान करू नये, म्हणून आणखी दोन दिवस बोलावले. आकडा फारसा हलला नाही. परदेशात मला औषध लिहून देण्याचा अधिकार नाही. त्याच्या डॉक्टरकडे जाऊन गोळी सुरू कर, इतकेच मी सांगितले. पण सवयीने ते तीन प्रश्न विचारलेच.

मीठ बेताचे, झोप सहा तास. तिसऱ्या प्रश्नावर तो हसला नाही. थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "डॉक्टर, सोमवार ते शुक्रवार काम असते. शनिवार-रविवार मोठे असतात."

गावात येऊन त्याला चौदा महिने झाले होते. ऑफिसात माणसे पुष्कळ, पण त्याच्या विभागात कृष्णवर्णीय तो एकटा. सहकारी वाईट नव्हते, जेवायला बरोबर बसत. पण त्यांच्या मध्ये बसले की मनात सतत हिशेब चालू. आवाज चढला तर हा रागीट आहे असे म्हणतील. गप्प बसलो तर माणूसघाणा म्हणतील. टीव्हीवर कुठल्या गोळीबाराची बातमी आली की दुसऱ्या दिवशी सगळे याच्याकडे बघणार, जणू चार कोटींहून जास्त लोकांच्या वतीने उत्तर द्यायला हाच नेमला आहे. "घरी आलो की थकलेला असतो," तो म्हणाला, "आणि पुलाने मला थकवलेले नसते."

शहरात कृष्णवर्णीय नाहीत असे नाही. लोकसंख्येच्या जवळजवळ पाव हिस्सा आहेत. पण ते राहतात एकीकडे आणि त्याचे ऑफिस-घर दुसरीकडे. त्याच्या पगाराच्या, त्याच्या वयाच्या माणसांना गाठायचे कुठे, हाच प्रश्न. अटलांटात हा प्रश्नच नव्हता. तिथे डॉक्टर कृष्णवर्णीय, वकील कृष्णवर्णीय, बँकेचा मॅनेजर कृष्णवर्णीय, रविवारी आईच्या घरी पंधरा पाने. पिट्सबर्गला पगार जास्त मिळाला म्हणून आला. आई रोज रात्री फोन करते, जेवलास का विचारते, आणि हा रोज "मित्रांबरोबर जेवलो" असे खोटे सांगतो. हे ऐकून आमच्या सौभाग्यवतींनी आत जाऊन त्याच्यासाठी पोहे टाकले.

आपल्याकडचे वाचक म्हणतील, त्यात काय, गोऱ्यांमध्ये मिसळून राहावे. हा सल्ला त्यालाही पुष्कळांनी दिला होता. मला तो पटत नाही, आणि का पटत नाही हे सांगताना आपल्याच माणसांकडे बोट दाखवावे लागेल.

मुलगी पिट्सबर्गला पोहोचली तेव्हा तिला सोबत शोधावी लागली नव्हती. दुसऱ्याच आठवड्यात कुणी मराठी बाई कुकर आणि डाळ-तांदूळ घेऊन दारात हजर. शहराच्या कडेला पेन हिल्समध्ये व्यंकटेश्वराचे देऊळ आहे, १९७६ सालापासूनचे. तिथे गेले की चार ओळखी होतात. गणपती, दिवाळी, कोजागिरी, सगळे साजरे होते. वर्षभर हे लोक इंग्रजीत वावरतात आणि महिन्यातून एकदा मराठीत मनसोक्त बोलून घेतात. याला आपण संस्कृती जपणे म्हणतो, कौतुक करतो, इथल्या वर्तमानपत्रांत फोटोही छापून येतात. मग कृष्णवर्णीय माणूस आपल्या माणसांच्या शोधात निघाला की "ते लोक आपल्यातच राहतात" असे का म्हणायचे? जिथे आपली ओळख समजावून सांगावी लागत नाही अशी चार माणसे प्रत्येकाला लागतात. मुलीला ती आयती मिळाली, त्याला शोधावी लागत होती, एवढाच फरक.

आता जे लिहितो ते लिहिताना मला बरे वाटत नाही. गणपती बसले त्या शनिवारी मुलीकडे बावीस माणसे जेवायला होती. दार उघडे, आरतीचा आवाज जिन्यात, पुरणपोळीचा वास तीन मजल्यांवर. मी चपला सरकवायला बाहेर आलो तर हा हातात पिशवी घेऊन जिना चढत होता. माझ्याकडे बघून हसला, मान लववली आणि आपल्या दाराला किल्ली लावली. मी आत येऊन मुलीला विचारले, "अगं, त्याला का नाही बोलावलं?" ती म्हणाली, "बाबा, सगळे मराठीत बोलतात, कंटाळेल तो." एवढ्यात पाहुण्यांपैकी एक गृहस्थ, मोठ्या हुद्द्यावरचे, म्हणाले, "खाली कोण राहतो ते मी पाहिलंय. जरा सांभाळून राहा हो." दोघेजण हसले. मी तीस वर्षे दवाखान्यात लोकांना मोठ्या आवाजात खडसावत आलो आहे. त्या दिवशी मी पोळीवर तूप वाढून घेतले आणि गप्प बसलो.

दुसऱ्या दिवशी मुलगी आपणहून प्रसादाचे ताट घेऊन खाली गेली. ते ठीकच झाले. पण ताट नेणे वेगळे आणि पंगतीला बसवणे वेगळे, हे आपल्या महाराष्ट्रात तरी कोणाला समजावून सांगायला नको.

सोबतीचा आणि शरीराचा संबंध मी पदरचा सांगत नाही. २०१० साली अमेरिकेतल्या संशोधकांनी जगभरातले १४८ अभ्यास एकत्र करून तपासले. त्यांत तीन लाखांहून अधिक माणसे होती आणि त्यांचा पाठपुरावा सरासरी साडेसात वर्षे झाला होता. ज्यांचे नातेसंबंध भक्कम होते त्यांची त्या काळात जिवंत राहण्याची शक्यता इतरांच्या दीडपटीच्या घरात निघाली. २०२३ साली अमेरिकेचे तेव्हाचे सर्जन जनरल डॉ. विवेक मूर्ती (हे मूळ कर्नाटकातल्या कुटुंबातले) यांनी एकटेपणावर जाहीर इशाराच काढला. माणसांपासून तुटून राहण्याचा जीवाला होणारा धोका रोज १५ सिगारेटी ओढण्याइतका असू शकतो, असे त्यात म्हटले होते. सिगारेट ओढणाऱ्याला आपण दटावतो. एकटे जेवणाऱ्याला कोण दटावणार?

कृष्णवर्णीयांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. आर्लिन जेरोनिमस नावाच्या संशोधक बाई १९९२ पासून मांडत आल्या आहेत की रोजच्या भेदभावाने शरीर अकाली झिजते, उन्हापावसात लाकूड झिजते तसे. २००६ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल अशी झिजेची मापे एकत्र करून पाहिली. कृष्णवर्णीयांमध्ये झीज जास्त निघाली, आणि नुसत्या गरिबीने तिचा उलगडा होईना. गरीब नसलेल्यांमध्येही ती दिसली. म्हणजे इंजिनिअर झाला, पगार वाढला, की ही झीज थांबली असे होत नाही. आमच्या शेजाऱ्याचा रक्तदाब एकटेपणानेच वाढला असे मी म्हणणार नाही. त्याच्या वडिलांनाही हा विकार होता, वजनही थोडे जास्त होते. डॉक्टरने एका कारणावर सगळे ढकलू नये. पण दारूगोळा कोठारात असला तरी ठिणगी कुठून पडते तेही बघावे लागते.

एका रविवारी त्याने मला गाडीतून शहर दाखवले. गावाच्या मध्याजवळ एका टेकडीवर हिल डिस्ट्रिक्ट नावाची जुनी वस्ती आहे. एके काळी कृष्णवर्णीयांचे दवाखाने, दुकाने, गाण्याच्या बैठका, सगळे तिथे होते. डॉक्टर आणि हमाल एकाच गल्लीत राहत, कारण दुसरीकडे जागाच मिळत नसे. प्रसिद्ध नाटककार ऑगस्ट विल्सन इथलेच, जन्म १९४५चा. १९५०च्या दशकात शहर सुधारणेच्या नावाखाली या वस्तीचा खालचा भाग पाडला. सुमारे आठ हजार माणसे उठवली आणि त्या जागी मोठे क्रीडागृह बांधले. ते १९६१ साली उघडले. पुढे तेही पाडले. आम्ही गेलो तेव्हा तो सांगत होता, "इथे एखादे हॉटेल असते तर मी रोज संध्याकाळी आलो असतो." सक्तीने एकत्र राहावे लागत होते ते दिवस चांगले होते असे त्याचेही म्हणणे नव्हते, माझेही नाही. पण भिंत पाडताना अंगणही गेले.

त्याच टेकडीवरची एक गोष्ट ऐकून मी डॉक्टर म्हणून थक्क झालो. १९६७ साली तिथे फ्रीडम हाऊस नावाची रुग्णवाहिका सेवा सुरू झाली. तोंडाने श्वास देण्याची पद्धत शोधणाऱ्यांपैकी एक, डॉ. पीटर सफर, यांनी तिथल्या कृष्णवर्णीय तरुणांना प्रशिक्षण दिले. ज्यांना कोणी नोकरी देत नव्हते अशी ती मुले. त्यांनी रस्त्यावर, घरात जाऊन माणसे वाचवली. आज आपण १०८ क्रमांक फिरवतो आणि शिकलेला माणूस गाडीतून उतरतो, त्या पद्धतीच्या पहिल्या धड्यांपैकी एक या टेकडीवर गिरवला गेला. १९७५ साली शहराने ही सेवा स्वतःकडे घेतली आणि फ्रीडम हाऊस बंद झाले. आमच्या वैद्यकीय कॉलेजात याचा एक शब्दही कुणी सांगितला नव्हता.

तर मग अशा माणसाने सोबत शोधायची कुठे? तिकडे याच्या काही जुन्या वाटा आहेत. पहिली चर्चची. कृष्णवर्णीयांची चर्चे ही आपल्या भजनी मंडळासारखी, पतपेढीसारखी आणि वधुवर सूचक मंडळासारखी, तिन्ही एकत्र. पण आमच्या शेजाऱ्याचा देवाशी फारसा संबंध नव्हता आणि फक्त ओळखीसाठी प्रार्थनेला बसणे त्याला खोटे वाटे. दुसरी वाट कॉलेजातल्या बंधुसंघांची. त्यांतला सर्वांत जुना संघ अल्फा फाय अल्फा, १९०६ सालचा. यांचे सभासदत्व आयुष्यभर टिकते, कुठल्याही गावी गेले तरी शाखा भेटते. हा कॉलेजात असताना अभ्यासात बुडालेला, सभासद झाला नाही, आता हळहळतो. तिसरी वाट व्यवसायाच्या संघटनांची. गोऱ्या डॉक्टरांच्या संघटना दार उघडत नव्हत्या म्हणून कृष्णवर्णीय डॉक्टरांनी १८९५ साली नॅशनल मेडिकल असोसिएशन काढली. जुन्या वागणुकीबद्दल अमेरिकन मेडिकल असोसिएशनने माफी मागितली ती २००८ साली. इंजिनिअरांचीही अशी संघटना आहे, १९७५ पासूनची. मी त्याला म्हटले, तिथे नाव घाल. आमची मेडिकल असोसिएशनची शाखा महिन्यातून एकदा भरते, व्याख्यान कोणी ऐकत नाही, पण जेवताना चार दुःखे बोलून होतात. त्याने फॉर्म भरला.

खरी वाट मात्र चौथीच निघाली, केस कापण्याची. ऑफिसजवळच्या दोन सलूनमध्ये त्याला "तुमच्यासारखे केस आम्हाला जमत नाहीत" असे सांगितले होते. म्हणून तो पंधरवड्यातून एकदा पंचवीस मिनिटे गाडी हाकत कृष्णवर्णीय वस्तीतल्या एका न्हाव्याकडे जाई, केस कापून लगेच परत येई. एका शनिवारी मी बरोबर गेलो. चार खुर्च्या, भिंतीवर टीव्ही, कोपऱ्यात दोन म्हातारे डॉमिनोच्या सोंगट्या आपटत बसलेले, एक पोरगा गृहपाठ करतोय. आत पाऊल टाकताच सगळ्यांनी मोठ्याने स्वागत केले. अगदी आपल्या बाजारपेठेतल्या सलूनसारखे, जिथे केसांपेक्षा बातम्या जास्त कापल्या जातात. मी भारतातला म्हटल्यावर एका म्हाताऱ्याने मार्टिन ल्यूथर किंग १९५९ साली तुमच्या देशात आले होते असे मला सुनावले. मग माझ्या पाठीवर थाप मारून पुलांच्या इंजिनिअरला विचारले, "तू दर वेळी पळून का जातोस? मंगळवारी संध्याकाळी डॉमिनो असतो, ये." आणि हा हसला. दोन महिन्यांत मी त्याला मोठ्याने हसताना पहिल्यांदाच ऐकले.

न्हाव्याच्या दुकानाची ताकद वैद्यकशास्त्रानेही तपासली आहे. २०१८ साली लॉस एंजेलिस भागातल्या ५२ दुकानांमध्ये केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. रक्तदाब असलेली ३१९ कृष्णवर्णीय माणसे त्यात होती. काही दुकानांत फार्मासिस्ट स्वतः येऊन, डॉक्टरांच्या संमतीने, तिथेच गोळ्या सुरू करत. बाकीच्या दुकानांत न्हावी फक्त डॉक्टरकडे जाण्याचा आग्रह करत. सहा महिन्यांत पहिल्या गटाचा वरचा रक्तदाब सरासरी २७ अंकांनी उतरला, दुसऱ्याचा ९ अंकांनी. श्रेय गोळीचे आहे, गप्पांचे नाही, हे मान्य. पण ती गोळी दवाखान्यात घ्यायला न येणारा माणूस खुर्चीवर बसून घेतो, कारण कात्री धरणाऱ्या हातावर त्याचा विश्वास असतो.

हे सगळे दूरदेशीचे झाले असे कोणी म्हणू नये. अमेरिकेत आणि इंग्लंडात शिकून आलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१७ साली बडोद्यात नोकरीवर रुजू झाले तेव्हा त्या शहरात त्यांना राहायला जागा मिळेना. पारशी धर्मशाळेत नाव बदलून उतरले. अकराव्या दिवशी काठ्या घेऊन लोक आले. दोन मित्रांकडे विचारले, एक हिंदू, एक ख्रिस्ती. दोघांनी सबबी सांगितल्या. रात्रीच्या गाडीपर्यंतचे तास त्यांनी एका सार्वजनिक बागेत काढले. ही हकीकत त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे. एवढा विद्वान अधिकारी, आणि अख्ख्या शहरात संध्याकाळ काढायला बाग.

आपल्या गावात आज बदलून आलेला बँकेतला अधिकारी, वीज मंडळातली इंजिनिअर मुलगी, ईशान्येकडून आलेली नर्स, यांना घर देताना आपण आधी आडनाव विचारतो की नाही? घर मिळाले तरी हळदीकुंकवाला, वाढदिवसाला कोण बोलावते? माझ्याकडे अशी माणसे डोकेदुखी, अ‍ॅसिडिटी, झोप न येणे घेऊन येतात. मी गोळ्या देतो. तिसरा प्रश्न विचारला की बऱ्याच वेळा डोळे भरून येतात. आपापल्या माणसांचा शोध ज्याने त्याने घ्यावा, त्याला नावे ठेवू नयेत. पण शेजारी म्हणून दार उघडणे हे आपल्याकडे लागते, आणि ते त्याच्यावर ढकलता येत नाही. हे मी तुपाची वाटी हातात घेऊन गप्प बसलेला माणूस लिहितो आहे, हे ध्यानात असू द्या.

मागच्या महिन्यात त्याचा फोन आला होता. गोळी नियमित चालू आहे, आकडा १३४ आणि ८४ वर आहे, मंगळवारचा डॉमिनो चुकवत नाही. मुलीने दिवाळीला त्याला बोलावले. त्याने आईची कृती विचारून रताळ्याचा गोड पदार्थ करून नेला आणि तो चकलीच्या आधी संपला. पण त्याला अटलांटाहून दुसऱ्या नोकरीचे बोलावणे आले आहे. पगार कमी. जावे की राहावे, डॉक्टर म्हणून माझे मत काय, असे विचारत होता. मी म्हटले, गोळी दोन्ही गावांत घ्यावीच लागेल, बाकी आईला विचार.